प्रतीक्षेचे दिवस आणि कर्माची पाच कारणे

गृहस्थाश्रमात माणसाला नाना प्रकारच्या प्रतीक्षा कराव्या लागतात. पेरणी झाल्यावर शेतकरी पावसाची वाट पाहतो, परीक्षा देऊन आलेला विद्यार्थी निकालाची वाट पाहतो, दूरदेशी गेलेल्या मुलाच्या निरोपाची आई वाट पाहते. परंतु ह्या सर्वांहून निराळी अशी एक प्रतीक्षा आजच्या काळी असंख्य घरांत मुकाट्याने चाललेली असते, आणि तिच्याविषयी मोकळेपणाने बोलण्याची आपल्या समाजाला अद्याप सवय झालेली नाही. संततीसाठी आय.व्ही.एफ.चा उपचार घेणाऱ्या दांपत्याच्या आयुष्यात, प्रयोगशाळेत सिद्ध झालेला गर्भ स्त्रीच्या गर्भाशयात ठेवल्यापासून रक्ततपासणीच्या दिवसापर्यंत जो काळ जातो, ती ही प्रतीक्षा होय. दिनदर्शिकेवर मोजला तर हा काळ दहा ते चौदा दिवसांचा. ज्यांनी तो काढला आहे त्यांना मात्र तो एखाद्या चातुर्मासाएवढा लांब वाटतो. कारण तोपर्यंत इंजेक्शने होती, तपासण्या होत्या, रोज काही तरी करावयाचे होते, आणि आता करण्याजोगे जवळजवळ काहीच उरलेले नसते.

इंदूर येथील एका मराठी कुटुंबातील प्रसंग विचारासाठी घेऊ. विवाहाला नऊ वर्षे झालेली, सून चौतीस वर्षांची, शाळेत शिक्षिका; मुलगा विमा कंपनीत नोकरीस. ज्याला आता सर्वजण ‘ट्रान्सफर’ म्हणतात ते होऊन चार दिवस झाले होते. त्या दिवशी इमारतीतील वीज गेली, लिफ्ट बंद पडली, आणि सूनबाई तीन मजले जिना चढून घरी आल्या. दार उघडताच सासूबाई कळवळून म्हणाल्या, “अगं, जिना कशाला चढलीस? खाली थांबायचं होतंस थोडा वेळ!” बोलण्यात राग नव्हता, मायाच होती. परंतु त्या एका वाक्याने सुनेची झोप गेली. रात्री दोन वाजता तिने पतीला उठविले. “अहो, माझ्यामुळे काही बिघडलं असेल तर?” “काही बिघडत नाही, तू झोप,” असे तो म्हणाला खरे, पण त्याच्याही आवाजात बळ नव्हते, आणि अंधारात तोही मोबाइल उघडून तोच प्रश्न शोधत बसला.

सकाळी तिने आपल्या मामांना फोन केला. मामा जुन्या पाठशाळेत शिकलेले, संस्कृतचे निवृत्त अध्यापक. तिने विचारले, “मामा, फळाची इच्छा धरू नये असं गीतेत म्हटलंय ना? मला तर दिवसरात्र दुसरं काही सुचतच नाही. मग माझं हेही चुकतंय का?”

मामा म्हणाले, “बाळ, तुला दोन निरनिराळी दुःखं आहेत आणि तू ती एकत्र बांधली आहेस. एक, फळ हवं आहे. दुसरं, फळ नाही मिळालं तर दोष आपला, अशी भीती. पहिलं दुःख गीता लगेच काढून घेत नाही. दुसरं मात्र तिने मुळातच तोडलेलं आहे.”

मामांचे हे उत्तर नीट समजून घेण्यासाठी दुसऱ्या अध्यायातील सत्तेचाळिसावा श्लोक पुन्हा पाहावयास हवा. तो घरोघरी पाठ आहे, आणि जे वचन फार पाठ होते त्याचा अर्थ फारसा विचारला जात नाही. त्याचे चार चरण आहेत. कर्मावर अधिकार आहे, हा पहिला. फळांवर तो कधीही नाही, हा दुसरा. कर्मफळाचे कारण तू होऊ नकोस, हा तिसरा. आणि कर्म न करण्याचा संग तुला न जडो, हा चौथा. लोकव्यवहारात ह्यांतील दुसरा चरण तेवढा शिल्लक राहिला आणि त्याचेही रूपांतर ‘फळाची इच्छा धरू नये’ असे झाले. मूळ श्लोकात ‘इच्छा’ हा शब्द नाही. पहिल्या चरणातील ‘अधिकार’ हाच शब्द दुसऱ्यात अध्याहृत आहे. अधिकार म्हणजे स्वामित्व, सत्ता. पावसावर शेतकऱ्याची सत्ता नाही, एवढे सांगितल्याने शेतकऱ्याने पावसाची इच्छाच करू नये असे होत नाही. कामनात्यागाचा उपदेश गीतेत अन्यत्र आहेच, तो नाकारण्याचे कारण नाही. परंतु त्याच गीतेच्या सातव्या अध्यायात, धर्माला विरुद्ध नसलेला काम हे आपलेच रूप आहे असेही भगवंतांनी सांगितले आहे. अपत्याची ओढ ही गृहस्थाची धर्माला धरून असलेली ओढ होय. ती मनात आहे म्हणून कोणा स्त्रीने स्वतःला अपराधी मानावे, आणि तेही गीतेचा आधार घेऊन, ही फार उलटी गोष्ट झाली.

तिसरा चरण मात्र ह्या प्रसंगी सर्वांत मोलाचा आहे. त्यावर भाष्य करताना रामानुजाचार्यांनी अगदी घरगुती उदाहरण घेतले आहे. माणूस जेवतो आणि त्याची भूक भागते. जेवण्याची क्रिया त्याने केली हे खरे. पण भूक भागणे हे जे फळ, त्याचेही कारण आपण नव्हे असे त्याने मनात आणावे, असा त्यांचा आशय आहे. अन्न पोटात गेल्यावर पुढे जे घडते ते जेवणाऱ्याच्या हुकमाने घडत नाही. घास गिळण्यापर्यंत आपण. त्यापुढचे काम आपल्याला न विचारता चालते. गर्भ आत ठेवल्यानंतरच्या दिवसांना ह्याहून अधिक चपखल दृष्टांत सापडणे कठीण आहे.

जी गोष्ट येथे सूत्ररूपाने आली तिचा विस्तार अठराव्या अध्यायात आहे. कोणतेही कर्म सिद्धीस जाण्यास पाच कारणे लागतात, असे तेथे सांगितले आहे: अधिष्ठान, कर्ता, निरनिराळी करणे, नाना प्रकारच्या चेष्टा, आणि पाचवे दैव. अधिष्ठान म्हणजे शरीर, असे भाष्यकार सांगतात. दैव ह्या शब्दाने शंकराचार्य इंद्रियांच्या अधिष्ठात्री देवता घेतात, रामानुजाचार्य अंतर्यामी परमात्मा घेतात, आणि सामान्य जन त्याला नशीब म्हणतात. अर्थ कोणताही घेतला तरी ते आपल्या मुठीत नाही, ह्याविषयी मतभेद नाही. मग दोनच श्लोकांनंतर भगवंत सांगतात की, पाच कारणे असता जो केवळ स्वतःलाच कर्ता समजतो, त्याची बुद्धी संस्कारलेली नाही आणि त्याला यथार्थ दिसत नाही. हे वचन सामान्यतः अहंकारी, यशाने फुगलेल्या माणसाला उद्देशून वाचले जाते. परंतु ‘सर्व माझ्यामुळे झाले’ हा गर्व आणि ‘सर्व माझ्यामुळे बिघडले’ ही खंत, ह्या दोहोंत ‘माझ्यामुळे’ हा शब्द एकच आहे. जिना चढल्याने गर्भ गेला असेल असे म्हणणारी स्त्री पाच कारणांपैकी चार पुसून टाकते आणि उरलेल्या एकावर सगळा भार घालते.

ही पाच कारणे उपचाराला लावून पाहिली म्हणजे हा केवळ मनाचे समाधान करणारा विचार नाही, हे ध्यानात येते. अधिष्ठान घ्या. येथे शरीर एक नाही. पत्नीचे आहे, पतीचे आहे, आणि त्या सूक्ष्म गर्भाचे स्वतःचेही आहे. पाच दिवसांच्या गर्भाभोवती एक पातळ कवच असते. ते फोडून तो बाहेर येतो आणि गर्भाशयाच्या अस्तराला चिकटतो; हे काम पुढील एक-दोन दिवसांत सुरू होते. तो रुजेल की नाही हे ज्या गोष्टींवर अवलंबून असते त्यांत गुणसूत्रांची संख्या बरोबर असणे ही एक प्रमुख गोष्ट आहे. ती चुकलेली असली तर बहुधा गर्भ रुजत नाही, किंवा रुजून लवकर गळतो. आणि ही चूक, जेव्हा असते तेव्हा, ट्रान्सफरच्या पूर्वीच झालेली असते. वय वाढते तसे स्त्रीबीजात तिचे प्रमाण वाढते. चौथ्या दिवशी जिना चढलेल्या पायांचा तिच्याशी काहीही संबंध नाही.

गर्भ ‘पडेल’ ही कल्पनाही शरीररचनेला धरून नाही. गर्भाशय ही रिकामी, लोंबती पिशवी नव्हे; त्याच्या आतील भिंती एकमेकींना टेकलेल्या असतात आणि गर्भ त्यांच्यामध्ये सुरक्षित असतो. ट्रान्सफरनंतर अंथरुणावर पडून राहिल्याने यश वाढते का, ह्याचा अनेक ठिकाणी अभ्यास झाला. वाढत नाही असेच दिसले. काही अभ्यासांत तर विश्रांती घेणाऱ्यांना किंचित कमी यश आले. तेव्हा सासूबाईंचे ते वाक्य मायेचे होते, तरी सत्य नव्हते. माया आणि सत्य दोन्ही एकत्र राहू शकतात. त्यासाठी घरातील वडीलधाऱ्यांनी एकदा तरी सुनेबरोबर जाऊन डॉक्टरांचे म्हणणे स्वतःच्या कानांनी ऐकावे. २०२१ च्या केंद्रीय कायद्याने तर अशा उपचारांचे सर्व परिणाम आणि यशाची शक्यता दांपत्याला समजावून सांगणे, त्यासाठी समुपदेशन देणे, हे उपचारकेंद्रांचे कर्तव्यच ठरविले आहे. ते मागून घेण्यात संकोच करण्याचे कारण नाही.

करणे आणि चेष्टा ह्यांत डॉक्टर, परिचारिका, प्रयोगशाळेतील तज्ज्ञ, उपकरणे, औषधे हे सर्व येते. एवढे सगळे जुळून आल्यावरही एका प्रयत्नात मूल होण्यापेक्षा न होण्याचीच शक्यता बहुतेकांच्या बाबतीत अधिक असते. हे ऐकून मन खट्टू होते. पण निसर्गाचा हिशेबही फार वेगळा नाही: निरोगी, तरुण दांपत्यालाही एखाद्या महिन्यात गर्भ राहण्याची शक्यता चार-पाचांत एक एवढीच असते. फरक इतकाच की, त्यांना न रुजलेल्या गर्भाची वार्ताच कळत नाही, आणि येथे गर्भ पडद्यावर डोळ्यांनी पाहिलेला असतो.

ह्या विद्येचा आरंभच मुळी अशा अफळ प्रतीक्षांतून झाला, हे फार थोड्यांस ठाऊक असते. इंग्लंडातील ओल्डहॅम येथे रॉबर्ट एडवर्ड्स, पॅट्रिक स्टेप्टो आणि जीन पर्डी ह्या तिघांनी १९६९ ते १९७८ ह्या काळात जे प्रयत्न केले त्यांच्या नोंदी पुढे प्रसिद्ध झाल्या. २८२ स्त्रिया त्यांत सहभागी झाल्या होत्या. गर्भ आत ठेवण्यापर्यंत मजल ११२ वेळा गेली. गर्भधारणा पाच झाल्या आणि जिवंत बालके दोन जन्मली. त्यांतील पहिली लुईस ब्राउन, २५ जुलै १९७८ ची. उरलेल्या स्त्रियांची नावे जगाला ठाऊक नाहीत. त्यांनी शस्त्रक्रिया सोसली, वाट पाहिली आणि रिकाम्या हातांनी त्या घरी गेल्या. त्यांचे कर्म वाया गेले असे कोण म्हणेल? त्यांच्या चुकीमुळे ते अयशस्वी झाले असे तर कोणीच म्हणणार नाही. त्या वेळची विद्याच तेवढी होती. आज जगात ह्या उपायाने जन्मलेली लक्षावधी मुले त्या अनाम स्त्रियांच्या प्रतीक्षेवर उभी आहेत. एडवर्ड्स ह्यांना नोबेल पारितोषिक मिळाले ते २०१० मध्ये. तोपर्यंत स्टेप्टो आणि पर्डी हयात नव्हते.

आपल्या देशातही अशीच एक कथा आहे. कलकत्त्याचे डॉ. सुभाष मुखोपाध्याय ह्यांच्या प्रयत्नाने ३ ऑक्टोबर १९७८ रोजी एक कन्या जन्मली. परंतु सरकारने नेमलेल्या समितीने त्यांच्यावर विश्वास ठेवला नाही, त्यांची उपेक्षा झाली, आणि १९८१ मध्ये खचलेल्या मनाने त्यांनी जग सोडले. मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा ह्यांच्या हातून ६ ऑगस्ट १९८६ रोजी जन्मलेल्या बालिकेच्या वेळी ज्यांचे वैज्ञानिक साहाय्य होते, त्या डॉ. टी. सी. आनंद कुमार ह्यांनीच पुढे मुखोपाध्यायांची टिपणे तपासून १९९७ मध्ये त्यांना अग्रमान दिला. हाती फळ येऊनही दोष पदरी पडावा, असेही घडते. निकालावरून कर्त्याची किंमत करण्याची समाजाची रीत किती कच्ची आहे, हे ह्यावरून दिसते.

आता मनाकडे वळू. संस्कृतात अपेक्षा, उपेक्षा, परीक्षा आणि प्रतीक्षा हे चारही शब्द ‘ईक्ष्’ म्हणजे पाहणे ह्या एकाच धातूपासून झालेले आहेत. उपसर्ग बदलला की पाहण्याची रीत बदलते. प्रतीक्षेत माणूस येणाऱ्याच्या दिशेने तोंड करून पाहत असतो. मराठीत आपण ‘वाट पाहणे’ म्हणतो तेही तेच. परीक्षेत तो एखादी वस्तू चहूबाजूंनी उलटून-पालटून पाहतो. ह्या चौदा दिवसांत प्रतीक्षेची नकळत परीक्षा होऊन बसते. छाती जड वाटते का? ओटीपोटात दुखले का? काल दुखत होते, आज का थांबले? शरीराची ही चौकशी तासातासाला चालते आणि तिच्यातून काहीही निष्पन्न होत नाही. कारण ह्या काळात दिले जाणारे प्रोजेस्टेरॉन हेच औषध छाती दुखविते, पोट फुगविते, मरगळ आणते आणि पाळीही लांबविते. गर्भ राहिला तरी हीच लक्षणे, न राहिला तरी हीच. लक्षणे नसणे हेही कशाचे चिन्ह नाही. घरच्या घरी पट्टीवर तपासणी करण्याचा मोह अनावर होतो. परंतु स्त्रीबीज पक्व करण्यासाठी एच.सी.जी.चे इंजेक्शन दिलेले असेल तर त्याचा अंश दहा-चौदा दिवसांपर्यंत शरीरात राहून खोटी आशा दाखवू शकतो, आणि फार लवकर तपासले तर खरा गर्भ असूनही पट्टी कोरी राहते. नेमून दिलेल्या दिवसाची रक्ततपासणी हेच प्रमाण. थोडे रक्त दिसले तरी तेवढ्यावरून निकाल लावून औषध आपल्या मनाने बंद करू नये, डॉक्टरांना विचारावे. मात्र पोटात असह्य वेदना, श्वास लागणे, एक-दोन दिवसांत एकाएकी वजन वाढणे, लघवी कमी होणे ह्यांपैकी काही झाले तर ती सोसत बसण्याची तितिक्षा नव्हे. तत्काळ रुग्णालय गाठावे.

तितिक्षेविषयी एक गैरसमज दूर करावयास हवा. दुसऱ्या अध्यायाच्या चौदाव्या श्लोकात थंडी-ऊन, सुख-दुःख देणारे स्पर्श येतात आणि जातात, ते सोस, असे सांगितले आहे. ते वाटू देऊ नकोस असे सांगितलेले नाही; जे वाटतच नाही ते सोसायचे काय? परंतु घरोघरी ह्या स्त्रियांना उपदेश होतो तो असा: “शांत राहा, ताण घेतलास तर राहणार नाही.” म्हणजे दुःख तर आहेच, वर दुःख झाल्याचाही दोष. ह्या समजुतीचीही तपासणी झाली आहे. कार्डिफ विद्यापीठाच्या जॅकी बॉयव्हिन व त्यांच्या सहकाऱ्यांनी चौदा अभ्यासांतील ३५८३ स्त्रियांची माहिती एकत्र केली आणि २०११ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केला: उपचारापूर्वीच्या मानसिक ताणामुळे त्या फेरीत गर्भ राहण्या-न राहण्यात फरक पडलेला दिसत नाही. तेव्हा रडू आले तर रडावे. अश्रूंनी गर्भ वाहून जात नाही.

मन आवरणे कठीण आहे, ही अर्जुनाची तक्रार सहाव्या अध्यायात भगवंतांनी खोडून काढली नाही, निःसंशय असेच आहे म्हणून मान्य केली, आणि मग अभ्यास आणि वैराग्य हे उपाय सांगितले. अभ्यास म्हणजे एकच लहान गोष्ट पुनःपुन्हा करणे. विशेष असे की, वर उल्लेखिलेल्या बॉयव्हिन ह्यांनी डेबोरा लँकॅसल ह्यांच्यासह २००८ मध्ये ह्याच प्रतीक्षाकाळासाठी एक साधन मांडले. एका छोट्या कार्डावर दहा वाक्ये. ती सकाळ-संध्याकाळ वाचावयाची, आणि मन फार व्याकूळ झाले तर मध्येही. निकालाचा अंदाज बांधण्याऐवजी आजच्या दिवसातील जे बरे आहे त्याकडे लक्ष वळविण्याचा तो प्रयत्न आहे. निकाल बदलण्याचा त्यात दावा नाही. वाट पाहणे सोसण्याजोगे व्हावे, एवढाच हेतू. ज्या घरात दोन वेळा दिवा लावून काही म्हणण्याची रीत आहे, तेथे हे साधन परके वाटू नये. कोणी विष्णुसहस्रनाम म्हणेल, कोणी रामरक्षा, कोणी नुसतेच आज झालेल्या तीन चांगल्या गोष्टी वहीत लिहील. वेळ मात्र ठरलेली असावी.

दिनचर्येसाठी त्याच अध्यायातील आहार, विहार, झोप आणि जागरण ह्यांच्या प्रमाणाचा उपदेश पुरेसा आहे. दिवसभर पडून राहणे हा एक अतिरेक, आणि काही झालेच नाही अशा थाटात धावपळ करणे हा दुसरा. चालावे, स्वयंपाक करावा, शाळेत जावे, वर्गात शिकवावे. ओझी उचलण्याविषयी, प्रवासाविषयी डॉक्टर सांगतील ते ऐकावे. कडक उपवास ह्या काळात घडू नयेत. सासूबाईंनी नवस बोलला असेल तर तो त्यांच्या प्रेमाचा भाग. परंतु त्याचे निर्जळी सोमवार सुनेच्या माथी येऊ नयेत, हे पाहणे पतीचे काम आहे.

पतीविषयी बोलावयाचे तर कालिदासाच्या रघुवंशातील दिलीप राजाचे स्मरण होते. संततीसाठी तो आणि राणी सुदक्षिणा वसिष्ठांच्या आश्रमी गेली. तेथे ऋषींनी कारण शोधले ते राजाच्या बाजूने सापडले: इंद्राकडून परतताना घाईत त्याच्याकडून सुरभीला वंदन करावयाचे राहिले होते. राणीकडे बोट दाखविले गेले नाही. मग एकवीस दिवस दोघांनी मिळून व्रत केले. दिवसा राजा नंदिनी गाईमागे वनात फिरे आणि राणी वाट पाही, रात्री दोघे एकाच पर्णकुटीत दर्भाच्या अंथरुणावर निजत. वंध्यत्वाच्या सुमारे निम्म्या प्रकरणांत पुरुषाकडील कारण पूर्णतः वा अंशतः असते, असे आजचे वैद्यक सांगते. तरी आपल्या घरांत प्रश्न विचारला जातो तो सुनेलाच. इंदूरच्या त्या गृहस्थाने निदान एक गोष्ट केली. दुसऱ्या दिवशी मामांचा फोन झाल्यावर त्याने आपला मोबाइल पत्नीपुढे ठेवला आणि म्हणाला, “रात्री मीही तेच शोधत होतो. मलाही भीती वाटते.” त्याआधी चार दिवस तो धीर देत होता, तेव्हा ती एकटी होती. भीती सांगितल्यावर दोघे एका कुटीत आले.

निकालाच्या दिवसाची तयारी आधी करून ठेवावी. रिपोर्ट फोनवर येणार असेल तर तो कोणी घ्यावयाचा, कोठे बसून घ्यावयाचा, त्या दिवशी रजा असावी की नाही, प्रथम कोणास कळवावयाचे आणि कोणास नंतर, हे दोघांनी मिळून ठरवावे. शेजारीपाजारी “काय, गोड बातमी कधी?” म्हणून विचारतील त्यांना द्यावयाचे उत्तरही ठरलेले बरे. रिपोर्ट अनुकूल आला तरी प्रतीक्षा संपत नाही, हेही जाणून असावे. साधारण अठ्ठेचाळीस तासांनी पुन्हा रक्त तपासतात, आकडा वाढतो आहे ना ते पाहतात, आणि मग सहाव्या-सातव्या आठवड्यात सोनोग्राफीवर हृदयाचे स्पंदन दिसेपर्यंत दुसरी प्रतीक्षा सुरू होते.

प्रतिकूल आला तर घरातील मंडळींनी काय करावे? पहिल्या अध्यायाकडे पाहावे. त्याचे नावच अर्जुनविषादयोग आहे. संपूर्ण अध्यायात अर्जुन बोलतो, थरथरतो, धनुष्य टाकून बसतो, आणि भगवंतांच्या तोंडी सैन्याकडे पाहा एवढे एक छोटे वाक्य येते, तेही विषाद सुरू होण्यापूर्वी. उपदेश दुसऱ्या अध्यायात आहे. जे दुःख पूर्ण बोलले गेले नाही त्याच्यावर ज्ञानाचे शिंपण करण्याची घाई सारथ्याने केली नाही. “पुन्हा करता येईल,” “देवाच्या मनात असेल ते होईल,” “अमकीला पाचव्या वेळेला राहिले” ही वाक्ये खरी असली तरी त्या दिवसाची नव्हेत. आणि पुढे पुन्हा उपचार करावयाचा की थांबावयाचे, की दत्तक मुलाचा विचार करावयाचा, ही निवड त्या दोघांची आहे. अठराशे वेळा समजावून सांगितले तरी शेवटी, पूर्ण विचार करून तुला वाटेल तसे कर, असे अठराव्या अध्यायात अर्जुनाला सांगितले गेलेच. भगवंतांनी जो अधिकार आपल्याकडे ठेवला नाही तो काकू-मावशींनी घेऊ नये.

इंदूरच्या घरी बाराव्या दिवशी रिपोर्ट आला. गर्भ राहिलेला नव्हता. सूनबाई खोलीत जाऊन बसल्या. तिन्हीसांजेला सासूबाई आत आल्या आणि काही वेळ जवळ बसून म्हणाल्या, “त्या दिवशी मी जिन्याचं बोलले. ते माझं चुकलं. डॉक्टरीणबाईंना मी आज स्वतः विचारून आले.” सुनेने काही उत्तर दिले नाही. दोघी तशाच बसून राहिल्या. दिवा त्या दिवशी मुलाने लावला. उरलेले दोन गर्भ उपचारकेंद्रात गोठवून ठेवलेले आहेत. शाळेची वार्षिक परीक्षा आटोपल्यावर त्यांविषयी बोलावयाचे, तोपर्यंत घरात तो विषय कोणी काढावयाचा नाही, असे ठरले.